कचरूचं चौथं शील

भवानीनगरात कचरूनं ज्याला फसवलं नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. मागल्या उन्हाळ्यात त्यानं पाण्याच्या टाकीवर बिबट्या चढल्याची बातमी सोडली आणि अर्धी कॉलनी दारं लावून बसली. हा मात्र रिकाम्या रस्त्यानं शीळ घालत हिंडला.

आषाढ पुनवेला विहारात भंते म्हणाले, "तोंडानं पाची शीलं रोज म्हणता. वर्षावासाचे तीन महिने एक तरी धरून दाखवा. कचरू, तुम्ही कोणतं धरता?"

कचरूनं तोंड उघडायच्या आत सगळा विहार एका सुरात म्हणाला, "चौथं."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. त्याची बायको ताईबाई सगळ्यात मोठ्यांदा म्हणाली. कचरूनं पांढऱ्या सदऱ्याचं बटण चाचपलं आणि हात जोडले.

अठरा दिवस निभले. एकोणिसाव्या दिवशी शेजारचा मानसिंग दारात आला.

"कचरूराव, आईचा मोतीबिंदू पार पिकलाय. डॉक्टर म्हणतोय, आता थांबलात तर डोळा हातचा जाईल. उद्या सकाळी धाला बारामतीत नंबर हाय. दोनदा नंबर घेतला, दोनदा म्हातारी उसात जाऊन बसली. तुमी कायतरी थाप मारा आन तुमच्या इको गाडीत घाला."

"थाप न्हाय मारायची मला. शील हाय."

"आवो, पुण्याचं काम हाय."

"पुण्याचं आसू द्या न्हायतर मुंबईचं. खोटं बोलणार न्हाय."

तरी सकाळी कचरूनं इको मानसिंगच्या दारात लावली. त्याची आई दगडाबाई ओट्यावर बसली होती. ऐंशी वर्षांची म्हातारी, डोळ्यावर पडदा, पण कान मांजराचे.

"आत्ये, चल. तुला डोळ्याच्या आपरेशनला न्यायला आलोय. धाला नंबर हाय."

दगडाबाईनं तोंडाला पदर लावला आणि खुदूखुदू हसायला लागली. "कचऱ्या, तू दवाखाना म्हणतोस म्हंजे कुठंतरी जेवणावळ हाय. कुणाचं लगीन?"

"लगीन न्हाय. आपरेशन."

"व्हय व्हय. माधवे, माझं नवं लुगडं आण गं."

सून माधवी तोंड दाबून आत पळाली. म्हातारी नवं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून पुढच्या सीटवर ऐटीत बसली. मागं बसलेल्या मानसिंगला इतका आनंद झाला, की त्यानं कचरूच्या पाठीत गुद्दाच घातला.

कचरू मात्र हसला नाही. सणसर मागं पडलं, काटेवाडी आली, तरी त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. शब्द खरा बोललो, पण ती खोटं समजंल ह्या हिशोबानंच बोललो की. ही तर आजवरची सगळ्यात बेस थाप झाली. त्यानं लिंबाखाली गाडी उभी केली.

"आत्ये, मी खरं बोलतोय. लगीन न्हाय, जेवान न्हाय. डोळा कापायचाय."

"लई रंगवू नगंस. नवरी कुठली?"

"बुद्धाच्या पायाशी शब्द दिलाय मी."

"मागं तू बिबट्याची बी शपथ घेतली हुतीस."

कचरूनं दवाखान्यात फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "दगडाबाईंना वेळेत आणा." दगडाबाई म्हणाली, "चांगली शिकवलीस पोरगी." शेवटी त्यानं ताईबाईला फोन लावला आणि म्हातारीच्या कानाला धरला.

"आत्या, त्यो खरंच बोलतोय," ताईबाईचा आवाज आला. "एकोणीस दिस झालं, एक थाप न्हाय. काल माझ्या भैनीला तोंडावर म्हणला, तुमचं कालवण गिळवत न्हाय. ती आल्यापावली गेली. तीन महिने मी कसं काढायचं सांगा."

म्हातारीचं हसू गेलं. असा वैतागलेला आवाज शिकवून येत नाही, हे तिलाही कळत होतं.

"गाडी वळीव," ती म्हणाली.

मानसिंगनं कपाळावर हात मारला. "घातला का न्हाय घोळ? चांगली निघाली हुती."

"वळवतो आत्ये," कचरू म्हणाला. "पण मी खरं सांगटलं, आता तू बी सांग. कशाला भितीस?"

"भितीय कोण?" म्हातारीनं पदराचं टोक चोळलं. "महिना झाला म्हस व्यालीय. माझ्या हाताबिगार पान्हा सोडत न्हाय ती. डॉक्टर म्हणतोय पंधरा दिस वाकायचं न्हाय. म्हंजे कासंचं वाटुळं."

"मग हे मला का न्हाय सांगटलंस?" मानसिंग म्हणाला.

"तू इकली आसतीस."

मानसिंग हळूच म्हणाला, "न्हाय इकत."

"तुझं काय खरं," म्हातारी म्हणाली.

"मी काढतो धार," कचरू म्हणाला. "पंधरा दिस, दोनी टायमाला."

"खरं?"

"आत्ये, मला आता दुसरं काय बोलताच येत न्हाय."

दगडाबाईनं रस्त्याकडं तोंड केलं. "मग हाण गाडी. धा वाजत आलं."

आपरेशन झालं. वय बघून डॉक्टरनं म्हातारीला रातभर ठेवून घेतलं. मानसिंग तिच्यापाशी थांबला आणि दिवस मावळायला कचरू गोठ्यात उभा राहिला, दगडाबाईचं जुनं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. सगळी आळी कुडावर लोंबकळत होती. कचरूच्या आजवरच्या थापांचं उट्टं काढायचा असा दिवस पुन्हा यायचा नव्हता. शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

"म्हशीला फशिवणं खोट्यात धरत्यात का वो?" ताईबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

कचरूनं पदर मागं सारला आणि म्हशीच्या कानाला लागला. "मी कचरू हाय. लुगडं तेवढं तिचं. ती सकाळी येतीय. पटलं तर बघ."

म्हशीनं लुगड्याचा वास घेतला, कचरूचा घेतला, आणि बादली उकिरड्यापर्यंत उडवली. बादलीमागं कचरूही गेला. आळी हसून हसून लोळली. त्यानं शेण झटकलं, बादली धुतली, पुन्हा उकिडवा बसला. तिसऱ्या खेपेला म्हैस कंटाळली आणि तिनं पान्हा सोडला.

तेवढ्यात मानसिंगचा फोन आला. म्हातारीच बोलत होती. "दिलं का रं?"

"दिलं. तांब्याभर. तुला देती त्याच्या निम्मं बी न्हाय. आन माझं कंबरडं गेलं."

पलीकडं म्हातारीनं मोठा श्वास सोडला. बादलीभर म्हणाला असता तर थाप ओळखून ती डोळ्याची पट्टी घेऊन तशीच एसटीत बसली असती.

"मग सकाळी बी जा," ती म्हणाली. "आन कासोटा आवळून घाल. सुटत हुता, म्हणं. माधवीनं सांगटलंय."