खिशातली गोळी

वैद्यबाईंकडे खिसे आधी, नाडी नंतर. पेशंटने खिशातलं सगळं टेबलावर काढायचं, हा त्यांचा दंडक. "बाई वैद्य आहेत की पोलीस?" म्हणून लोक हसत. हसणाऱ्यांचे दात दिसतात, असं म्हणून बाई पुढच्याला बोलावत.

याचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्या नवऱ्याला मधुमेहावर रोज सकाळी कारल्याचा रस देत. "साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच," म्हणत तो डोळे मिटून पेला रिकामा करी. साखर झपाट्याने उतरत होती आणि बाई हुरळून गेल्या होत्या. एका सकाळी तो न्हाणीघराच्या दारात घामाघूम होऊन कोसळला, तो उठलाच नाही. साखर पार तळाला गेली होती. सदऱ्याच्या खिशात डॉक्टरांनी दिलेल्या साखर उतरवायच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. बायकोपासून चोरून तो गोळीही घेत होता.

तेव्हापासून दवाखाना उघडला की तो त्यांना बाकावर बसलेला दिसे, एक हात खिशावर ठेवून. बाई तेवढी जागा सोडून फडकं मारत. "माझ्या विद्येवर विश्वासच नव्हता का हो तुमचा?" त्या रोज विचारत. त्या एका प्रश्नाने त्यांना आतून पोखरलं होतं.

त्या दिवशी एक शिंपी बायकोला घेऊन आला.

"रोज कपभर कारल्याचा रस देते यांना," बायको म्हणाली. "बाकी औषध काही नाही."

"खिसे," बाई म्हणाल्या.

टेप निघाली, खडू निघाला. मग त्याचा हात अडखळला, आणि गोळ्यांचं पाकीट बाहेर आलं. बायकोचा चेहरा खर्रकन उतरला.

"रस आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "दोन्ही साखर खाली ओढतात. एक दिवस माणूस हाती लागायचा नाही. गोळी मनाने सोडू नका, आजच डॉक्टरांना सगळं सांगा." मग त्यांचा आवाज खाली आला. "हिच्यावर विश्वास नव्हता, तर रस पीत कशाला होतात?"

शिंपी ओशाळला. "सकाळी उठून एकेक बी काढत बसते हो ती. तिच्यादेखत नको कसं म्हणू?"

बाई बाकावरच्या त्या मोकळ्या जागेकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"अहो, मोरीत ओतून द्यायचात ना," त्या म्हणाल्या. "मला कळलंसुद्धा नसतं."

शिंपी आणि त्याची बायको एकमेकांकडे बघत राहिली.