पाणी वाहतंय तोवर

नवऱ्याने टाकीवाला गीझर खोक्यातून ओढून काढला आणि गाडीच्या पायरीवर असा आपटला की पत्र्याला पोचा आला.

"हा बसणार," तो म्हणाला. "विषय संपला."

विषय संपला म्हणजे यापुढे बोलेल त्याचं थोबाड फुटेल, हे वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. एक त्याची बायको. दुसरा त्याचा धाकटा भाऊ, तिचा दीर, जो जुन्या मिनीबस घेऊन त्यांची चालती-फिरती घरं करून देत असे. या गाडीत ओटा, पलंग, दिवे, मागच्या टोकाला कपाटाएवढं बाथरूम, सगळं बसवून झालं होतं. राहिला होता फक्त गीझर. दिराने दोन आणून ठेवले होते, एक टाकीवाला आणि एक इन्स्टंट. इन्स्टंट त्याने चाचणीपुरता जोडलाही होता आणि वर्कशॉपच्या नळावरून गाडीच्या मागच्या बाजूला लांब पाइप टाकून त्याला पाणी दिलं होतं.

"दादा, टाकीवाल्यात दीड बादली गरम पाणी मिळतं," दीर जपून बोलला. "ते संपलं की परत तापेपर्यंत थांबायचं. इन्स्टंटला साठवायचं काही नाही. नळ सोडला की गॅस पेटतो, पाणी वाहतंय तोवर गरमच येतं."

"तेच नकोय मला. ही दिवसभर आत बसेल. दीड बादलीत माणसाने उरकावं आणि मुकाट बाहेर यावं."

"इन्स्टंट घेऊ," बायको म्हणाली.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, पण म्हणाली. आख्ख्या संसारात या बाईने पडद्याचा रंग कधी निवडला नव्हता, त्यामुळे दीरसुद्धा हातातला पाना विसरून तिच्याकडे बघत राहिला.

नवऱ्याने तिचा हात हातात घेतला. बघणाऱ्याला वाटलं असतं, पायरी चढायला आधार देतोय. त्याने तो हात दाराच्या चौकटीवर नीट ठेवला, गाडीचं सरकतं दार तिच्या बोटांपर्यंत हळूच आणलं आणि मग त्यावर अंग टाकलं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ती ओरडली नाही. ओरडलं की वाढतं, हे ती लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात शिकली होती.

"आता कुठला घेऊ?" त्याने विचारलं.

त्याने दार सोडलं, तिची बोटं उलटसुलट करून पाहिली, "बर्फ लाव त्याला, सुजेल," असं अगदी काळजीने सांगितलं आणि सिगारेट आणायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघून गेला.

दिराने बर्फ आणला. बर्फ कसला, गार पाण्याची बाटली. ती पायरीवर बसून बोटांना लावत राहिली. दोन बोटं निळी पडायला लागली होती आणि अंगठीपाशी कातडी फाटली होती. दीर तिच्यासमोर उकिडवा बसला, मान वळवून उजवा कान जरा पुढे करून. त्याचा डावा कान लहानपणी दादाच्या एका थपडेत गेला होता, तेव्हापासून तो सगळ्यांसमोर असाच बसे.

"वहिनी, इन्स्टंट का हवाय ते मला कळतं," तो म्हणाला.

कळणारच. तोही त्याच घरात वाढला होता. त्या घरात एक नियम होता आणि तो बापाने घातलेला होता. बापाने एकदा आंघोळ करत असलेल्या आईला बाथरूमचं दार तोडून बाहेर ओढलं, ती ओल्या फरशीवर पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मग दवाखान्यातल्या लोकांनी नको ते प्रश्न विचारले. बापाने धडा घेतला. बायकोला मारू नये, हा धडा काही त्याला सुचला नाही. त्याने ठरवलं ते असं की आत पाणी चालू असेल तर दाराला कोणी हात लावायचा नाही. पोरांनाही त्याने ते मारून मारूनच शिकवलं. त्यानंतर आई दिवसातून तीन तीनदा आंघोळ करू लागली, आणि शेजारणी म्हणत, काय बाई स्वच्छतेचं वेड हिला.

थोरल्याने बापाचं सगळं उचललं, मारही आणि नियमही. "आंघोळीला गेलेल्या माणसाला मी कधी बोट लावलेलं नाही," असं तो चारचौघांत छाती काढून सांगे. त्याचं डोकं फिरलं की बायको बाथरूममध्ये शिरे आणि नळ सोडे. तो बाहेर खुर्ची टाकून बसे. पाणी चालू राही, बाहेर सिगारेटी संपत, हळूहळू त्याचा जोर ओसरे, कधी कधी तो खुर्चीतच घोरू लागे. मग ती नळ बंद करी. हिवाळ्यात गार पाण्यात तितका वेळ उभं राहवत नसे, म्हणून घरी मोठा गीझर होता आणि त्याच्यावर तिचा जीव होता.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. वरचं पाणी तिच्या छतातून ऐकू जायचं. एवढा वेळ कोण आंघोळ करतं, असा प्रश्न तिला पडला, आणि एके दिवशी तिने पोलिसांना बोलावलं. पोलीस आले तेव्हा बायकोने सांगितलं, जिन्यावरून पडले. नर्स दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझं दार तुम्हाला माहीत आहे." पोलीस गेले. त्याच महिन्यात नवऱ्याने घर विकायला काढलं आणि ही गाडी धरली. आता गावोगाव फिरायचं, मोकळं राहायचं, असं तो सगळ्यांना सांगत होता. भिंतीला भिंत लागून कोणी नको, हे त्याने फक्त तिला सांगितलं होतं.

"इन्स्टंट असला तर निभेल," ती दिराला म्हणाली. "बाकी मला काही नको, भावजी. पलंग कसाही असू दे."

दिराने पाना खाली ठेवला.

"एक सांगतो, राग मानू नका. गीझर कुठलाही बसवला तरी पाणी गाडीच्याच टाकीतून येणार. ती सीटखाली आहे, शंभर लिटरची. त्यातच स्वयंपाक, भांडी, सगळं. इन्स्टंट पाणी गरम करत राहील हो, पण आणणार कुठून? आज मी नळाचा पाइप लावलाय म्हणून चाललंय. आडरानात गाडी उभी केली की पाइप कुठला?"

"मग किती वेळ चालेल?"

"दादाचा राग उतरायच्या आत संपेल."

ती बाटलीकडे बघत बसली. घर विकल्यापासून ती मनात हेच करत होती. गीझरची माहितीपत्रकं उशीखाली ठेवून वाचत होती, गॅस किती लागेल, आवाज किती होईल, ज्योत वाऱ्याने विझली तर काय. एकदा का योग्य गीझर मिळाला की बाकीचं आपण सोसू, असं तिने धरून ठेवलं होतं. आता तिला स्वतःचाच असा संताप आला की बोटांचं दुखणं क्षणभर बाजूला पडलं.

"मी गीझर निवडत बसले होते," ती म्हणाली.

दिराने बाटलीची गार बाजू तिच्या बोटांकडे वळवली.

"मी या गाडीत जाणार नाही, भावजी."

"कुठे जाणार नाहीस?"

नवरा शटरपाशी उभा होता. त्याने न पेटवलेली सिगारेट परत पाकिटात ठेवली, पाकीट खिशात ठेवलं, आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडी पाइपांतला एक बेताचा बघून उचलला. घाई त्याला कधीच नसे.

पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. ती पायरीवरून खाली आली. दुसरा पाठीत. तिसऱ्याला दीर मध्ये आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि कसं यायचं ते माहीत नसल्यामुळे हात वर न करताच आला. पाइप त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं आणि तो टाकीवाल्या गीझरवर कोसळला.

"तू पण?" नवरा म्हणाला, आणि त्याने भावाच्या बरगडीत एक लाथ घातली. मग दुसरी. "वहिनीचा पुळका आलाय होय रे तुला?"

तेवढ्यात ती गाडीत चढली. पायातली एक चप्पल पायरीवरच राहिली. पलंगावरून, ओट्याच्या कडेला आपटत ती मागपर्यंत गेली, बाथरूममध्ये शिरली, दार ओढलं आणि चांगल्या हाताने नळ पूर्ण सोडला. बाहेरच्या भिंतीवर गीझर भप्प करून पेटला.

नवऱ्याचा एक पाय पायरीवर होता. तो तिथेच थांबला. आतून पाण्याचा आवाज येत होता. त्याने पाय खाली घेतला, रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातला आणि गाडीच्या दारासमोर बसला. पाइप मांडीवर आडवा.

"निघेल की बाहेर," तो म्हणाला. "जाते कुठे."

दीर भिंतीला धरून उठला. भुवईला फडकं दाबून उभा राहिला. गाडीखालून सांडपाणी वाहत येऊन फरशीवर पसरू लागलं, तसे नवऱ्याने बूट जरा मागे घेतले.

"टाकी केवढी आहे रे हिची?"

"शंभर लिटर."

"मग संपेल आता."

"शंभर लिटर म्हणजे लगेच संपतं," दीर म्हणाला. "मी जरा मागे गॅस बघून येतो. नवा सिलिंडर आहे."

तो गाडीला वळसा घालून मागे गेला. तिथे, बाथरूमच्या आडोशाला, गाडीचं मागचं दार होतं. ते आधीच अर्धं उघडलं होतं आणि ती त्यातून पाय खाली सोडत होती. नखशिखांत भिजलेली, एक पाय अनवाणी, मोडलेली बोटं छातीशी धरलेली. आत बाथरूमचं दार तिने लावून घेतलेलं होतं आणि त्यामागे नळ धो धो चालू होता.

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दिराने ते हाताने धरलं. तिला उतरवून घेतलं. अंगातलं कामाचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं, तेव्हा खांदा दुखून ती कळवळली, पण आवाज केला नाही.

"कुठे?" त्याने ओठ हलवून विचारलं.

"खालच्या नर्सकडे."

"तिला सगळं सांगा. जिना वगैरे नको आता."

तिने मान हलवली. मग त्याच्या भुवईकडे पाहिलं.

"आणि तुम्ही?"

"एक कान अजून शिल्लक आहे," तो म्हणाला. "जा."

ती वर्कशॉपच्या मागच्या शटरमधून वाकून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. दिराने गाडीचं दार लोटलं. नळाला जोडलेला पाइप पायात आला होता, तो त्याने नीट भिंतीकडेला सारला आणि परत पुढे येऊन भावाशेजारी दुसरा डबा घेऊन बसला.

दोघे भाऊ बराच वेळ बसले. नवऱ्याने एक सिगारेट ओढली, मग दुसरी. धाकट्याला त्याने एक देऊ केली, ती त्याने घेतली. बाथरूमच्या जाळीतून वाफ निघत होती. फडकं लाल झालं तसं दिराने ते उलटं केलं.

"लागलं का रे जास्त?" नवऱ्याने विचारलं.

"नाही दादा."

"मध्ये येऊ नये माणसाने."

"हो."

पाणी वाहतच होतं. नवऱ्याचा जोर उतरत चालला होता. पाइप त्याने मांडीवरून खाली ठेवला, पाय लांब केले आणि वाफेकडे बघत राहिला.

"अजून गरमच येतंय वाटतं," तो म्हणाला.

"इन्स्टंट आहे ना."

"चांगला आहे की मग." त्याने जांभई दिली. "चल, हाच बसव. तिलाही हाच हवा होता."