शेपटीतल्या बाया

“ए धर्मा! थांबव रं गाडी, चाक बसलं!”

भागुबाई फळीवर मूठ आपटून ओरडली, पण तिची हाक पुढच्या मोटारीपर्यंत पोचण्याआधीच टायर फुटला. बार उडाल्यासारखा आवाज झाला, मागची गाडी एका अंगाला कलली, मांदेलीची पाटी रस्त्यावर पालथी झाली आणि आत बसलेल्या सगळ्या कोळणी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मोटारीने त्यांना तसंच थोडं फरफटत नेलं आणि मग ती थांबली.

“मेली का गो कोनी?” भागुबाईनं विचारलं.

“न्हाय मेली,” खालून केसर म्हणाली.

“मंग उतरा. मासली भरा आदी.”

धर्मा जॅक आणि पान्हा घेऊन अनवाणीच मागे आला. तो पोयनाडकडचा आगरी, दयारामशेठच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. फुटलेला टायर बघून त्याने मान हलवली, आणि शेजारच्या खळ्यावरून पेंढा आणायला निघाला. ट्यूब शिल्लक नव्हती. अशा वेळी तो टायरात पेंढा कोंबायचा आणि गाडी हळूहळू पुढच्या गावापर्यंत न्यायचा.

मोटारीच्या खिडकीतून काळ्या कोटातल्या एका गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं. “अहो, लवकर आटपा! पेणला कोर्टाचं काम आहे आमचं.”

“आमची मासली बी कोनाची वाट बगत न्हाय, दादा,” भागुबाई म्हणाली. “घाई हाय तर उतर खाली, पेंढा कोंब.”

कोटवाल्याने डोकं आत घेतलं.

हे असं आठवड्या-दोन आठवड्यांनी चालायचं. साल चौतीस असेल. अलिबागहून पेणला दयारामशेठची मोटार जायची. आधी कोळणी मोटारीतच मागच्या बाकावर बसत, पाट्या पायाशी ठेवत. मग पांढऱ्या कपड्यांच्या उतारूंनी नाकाला धोतराचा सोगा लावायला सुरुवात केली, कुणी शेठकडे तक्रार केली. शेठने एका मिस्त्रीकडून बैलगाडीच्या साट्याला मोटारीचा जुना आस बसवून घेतला, वर फळ्या ठोकल्या आणि लोखंडी दांड्याने ती गाडी मोटारीला मागून जोडली. तो तिला मोठ्या हौसेने ट्रेलर म्हणायचा. कोळणी शेपूट म्हणायच्या.

मोटारीवर झिजून गुळगुळीत झालेले टायर शेपटीला लागत. भोक पडलं की धर्मा जुन्या टायरचा तुकडा कापून आतून लावायचा. खडीच्या रस्त्यावर बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे पडलेले असत, उन्हाने रबर मऊ पडलेलं असे. बायांना त्या चाकांची भाषा कळायला लागली होती. फुसफुस ऐकू आली की सगळ्या दुसऱ्या बाजूला सरकायच्या. वाटेत गाडी थांबली की भागुबाई टायरला तळवा लावून बघायची आणि तापला असेल तर पाटीखाली साचलेलं मासळीचं पाणी त्यावर ओतायची.

मोटार नव्हती तेव्हापासून भागुबाई पोयनाडच्या बाजाराला जात होती, डोक्यावर पाटी घेऊन, चालत. नवरा सदा तापाने गेला तेव्हा मुलगा हरेश्वर अंगावर पीत होता. त्याला घरी सासूकडे ठेवून ती तिसऱ्याच आठवड्यात बाजारात उभी राहिली. वाडीतल्या काही बायांनी नावं ठेवली. तिने ती नावं ठेवून घेतली आणि बोंबील विकले. आता हरेश्वर दुसऱ्याची होडी हाकणारा तांडेल होता आणि त्याची बायको जनी, थळची पोर, यंदापासून सासूबरोबर बाजाराला येऊ लागली होती.

जनीला शेपूट आवडायचं. ती नेमकी चाकावरच्या कडेला बसायची, पाय बाहेर सोडून. तिथे वारा लागतो म्हणायची.

“पाय आत घे,” भागुबाई दर बाजारी सांगायची.

“घेतंय, आयं,” जनी दर बाजारी म्हणायची.

पेंढ्याच्या टायरावर पोयनाड गाठलं त्या दिवशी निम्मी मासळी उतरून खराब झाली होती. परत आल्यावर भागुबाई सरळ शेठच्या पेढीवर गेली. ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. देवळातल्या देवाशीसुद्धा ती अरे-तुरेनेच बोलायची.

“शेट, शेपटीचा टायर बदल.”

“मुंबईहून मागवलाय, भागुबाई. बोटीने येईल.”

“मागल्या म्हैन्यात आला त्यो?”

“तो पुढे लावला.”

“फुडं कनाला? फुडचा तर चांगला होता.”

दयारामशेठ वाईट माणूस नव्हता. बैलगाड्या हाकत हाकत त्याने मोटार घेतली होती. त्याने अगदी साधेपणाने उत्तर दिलं, “पुढे माणसं बसतात ना.”

भागुबाई त्याच्याकडे बघत राहिली. “आनि मागं?”

शेठच्या लक्षात आलं. तो पानाचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधू लागला. “मागे मासळी असते,” तो म्हणाला. “म्हणजे, मुख्य मासळीच.”

पुढच्या बाजारी कार्लेखिंडीच्या उतारावर टायर फुटला. या वेळी आधी फुसफुस झाली नाही. चाकाची लोखंडी कड खडीवर घासत ठिणग्या उडाल्या, शेपूट दरडीवर आदळलं आणि जनीचा पाय फळी आणि चाकाच्या मध्ये सापडला. तिची किंकाळी धर्माला पुढे इंजिनच्या आवाजातही ऐकू आली.

पाय सोडवायला फळ्या तोडाव्या लागल्या. काळ्या कोटातल्या गृहस्थांनी या वेळी कोट काढला आणि पान्हा धरला. भागुबाईनं जनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. “वरड,” ती जनीला सांगत होती. “वरड, पोरी. सगल्यांना आयकू जाऊं दे.”

अलिबागच्या दवाखान्यात पाय वाचला. पण घोटा वाकडाच जुळला, आणि जनीला टाच टेकेना.

दयारामशेठ शहाळी घेऊन कोळीवाड्यात आला. दारातल्या बाजेवर बसला. जनीने भिंतीकडे तोंड केलं.

“फार वाईट झालं,” शेठ म्हणाला. “पण भागुबाई, तुम्ही सगळ्या एकाच अंगाला बसता. मी किती वेळा सांगितलं. वजन सारखं नको का पडायला? आता नवीन फळ्या ठोकतोय. रंगपण देतोय.”

“आनि टायर?”

“सांगितलंय मुंबईला.”

भागुबाईनं शहाळी उचलली आणि त्याच्या पायाशी नेऊन ठेवली. “ही घेऊन जा. येत्या बाजारी शेपटीत तू बस. खिंड उतरून दाव. मंग आमी बसू.”

शेठ हसला. त्याला ती थट्टा वाटली.

बाजाराच्या दिवशी मोटार भरली. शेपूट हिरव्या रंगात चकाकत होतं. कोळणी पाट्या घेऊन आल्या, पण एकही वर चढली नाही. भागुबाईनं पाटी मोटारीच्या तोंडासमोर रस्त्यात ठेवली आणि तिच्यामागे मांडी घालून बसली. केसर बसली. मग बाकीच्या.

धर्माने इंजिन बंद केलं. शेठने त्याच्याकडे रागाने पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, “बायांच्या अंगावरून घालू का, शेट?”

ऊन वर आलं. सकाळी होडीतून उतरलेले बांगडे वास मारू लागले. मोटारीतले उतारू रुमाल काढून बसले. कुणीतरी हवालदाराला बोलावून आणलं.

“रस्ता अडवायचा नाही, बाई. उठ.”

“रस्ता सरकारचा हाय ना? मी सरकारच्या रस्त्याव बसलंय. शेटच्या शेपटीत न्हाय बसनार.”

“काय पाहिजे तुला?”

“मना काय नको. शेटला इचार. त्याचं चाक चांगलं हाय म्हनतंय. मंग त्यो का बसत न्हाय?”

हवालदाराने शेठकडे पाहिलं. मोटारीतल्या माणसांनीही पाहिलं. दयारामशेठ हिरव्या शेपटीकडे बघत होता. त्याने नुसतं हो म्हणून वर पाय ठेवला असता तरी पुष्कळ झालं असतं. पण त्याचा पाय हलला नाही, आणि का हलला नाही ते तिथल्या प्रत्येकाला समजलं.

“हा काय बाजारबुणग्यांचा तमाशा आहे?” तो ओरडला. “मी यांच्यात बसू?”

“भागु,” केसर हळूच म्हणाली, “मासली जाल गो.”

“जाऊं दे. एक दिस मासली जाल. पाय तरी ऱ्हातील.”

हवालदाराने काठी आपटली तेव्हा भागुबाई उठली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटी चढवली आणि पोयनाडच्या रस्त्याने चालू लागली. एकामागोमाग बाकीच्याही निघाल्या. थोड्या वेळाने मोटार धूळ उडवत त्यांच्या बाजूने गेली. मागे रिकामं शेपूट खडखडत होतं.

त्यानंतर त्या चालतच राहिल्या. पहाटे निघायच्या, खिंडीच्या माथ्यावर टेकायच्या, बाजाराला उशिरा पोचायच्या. ताजी मासळी टिकेना म्हणून सुकी नेऊ लागल्या. दोघीजणी कंटाळून शेपटीत बसल्या. त्यांच्याशी भागुबाई भांडली नाही, पण त्यांच्या घरचं पाणीही प्यायली नाही. पावसाळा आला, होड्या किनाऱ्याला लागल्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि भागुबाई पुन्हा रस्त्याला लागली. तिचे गुडघे सुजायचे. रात्री हरेश्वर तेल चोळायचा.

“आयं, आता पुरं कर,” एकदा तो म्हणाला. “सगल्यांना समजलंय तुजं म्हननं.”

“जनीचा पाय सरल झाला?”

त्याने पुन्हा तेलाच्या वाटीत बोटं बुडवली.

“मंग पुरं कसं करू?”

आत चुलीपाशी जनी ऐकत होती. पुढच्या बाजाराच्या पहाटे ती काठी घेऊन दारात उभी राहिली. डोक्यावर जवळ्याची छोटी पाटी होती.

“तू कुठं?” भागुबाईनं विचारलं.

“तू माज्या पायापायी चालतंस,” जनी म्हणाली. “मंग माजे पाय घरी बसून काय करतील?”

त्या दिवशी सगळ्या तिच्या चालीने चालल्या.

इकडे दयारामशेठच्या मोटारीची वेगळीच तऱ्हा झाली होती. शेपटीत तो भाताची पोती भरू लागला, तर टायर पोत्यांखालीही फुटतच राहिले, आणि दर वेळी पुढच्या उतारूंचा खोळंबा होऊ लागला. थळच्या, वरसोलीच्या कोळणींनीही शेपटीत बसायचं सोडलं. आणि एक दिवस धर्माने किल्ली पेढीवर आणून ठेवली.

“त्या टायराव मी खिंड उतरनार न्हाय, शेट. दुसरा ड्रायव्हर बगा.”

“तूपण त्या बाईचं ऐकतोस?”

“त्या पोरीची किंकाळी मी आयकली. तुमी न्हवता तितं.”

शेठने दुसरा ड्रायव्हर शोधला. मिळाला नाही. मग मात्र रेवसच्या धक्क्यावर दोन नवे टायर उतरले, आणि ते धर्माने शेपटीला लावले. लावून झाल्यावर तो शेठला म्हणाला, “आता ऱ्हायलं तुमचं काम. त्या इचारतील, शेट बसला का.”

जनी चालायला लागली त्याच्या तिसऱ्या बाजारी बाया खिंडीच्या माथ्यावर तिला विसावा देत बसल्या होत्या. मोटार धापा टाकत चढ चढून आली. केसरने आधी पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. मागच्या शेपटीत, फळीवर, दयारामशेठ एकटाच बसला होता. कोट, काळी टोपी, धोतर, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेली कड.

मोटार थांबली.

“नवे आहेत दोन्ही,” शेठ म्हणाला. “अलिबागपासून बसून आलोय.”

भागुबाई उठली. तिने दोन्ही टायरना तळवा लावला, खालून हात फिरवून बघितला.

“चढाला कोन बी बसंल,” ती म्हणाली. “उतार ऱ्हायलाय.”

पुढच्या उतारूंमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. शेठ लाल झाला. क्षणभर वाटलं, उतरेल आणि शिव्या देईल. पण त्याने टोपी डोक्यावर घट्ट दाबली आणि म्हणाला, “धर्मा, सोड गाडी.”

बाया माथ्यावरून बघत राहिल्या. उतारावर शेपूट उसळत होतं. पहिल्याच वळणावर शेठची टोपी उडाली. ती धरायला त्याने हात सोडला नाही. धुळीत त्याचं टक्कल लांबपर्यंत दिसत होतं. मोटार सुखरूप खाली पोचून थांबली, तरी भागुबाईनं घाई केली नाही. जनीची काठी पडेल तशा सगळ्या सावकाश उतरल्या.

शेठ शेपटीजवळ उभा होता. भुवयांवर धूळ बसली होती. भागुबाईनं वर चढून पाट्या घेतल्या. केसर चढली, मग बाकीच्या. दोन्ही अंगांनी नीट वाटून बसल्या.

जनी शेवटी राहिली. फळी उंच होती आणि तिला वाकड्या पायावर भार देता येत नव्हता. दयारामशेठ पुढे झाला आणि त्याने आधाराला हात केला.

जनीने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने काठी सासूकडे दिली, दोन्ही हातांनी फळीची कड धरली आणि चांगला पाय चाकाच्या मधल्या तुंब्यावर रोवून स्वतःला वर ओढलं. ती चाकावरच्याच जागी बसली.

“तितं नको गो,” भागुबाई म्हणाली. तिने आपली पाटी सरकवून शेजारी जागा केली.

“हितंच बसनार, आयं.”

वाकडा पाय अजून बाहेर लोंबत होता. जनीने तो दोन्ही हातांनी पाटी उचलावी तसा उचलला, आत घेतला, त्यावर लुगडं सारखं केलं आणि पुढे बघत हाक मारली,

“धर्मादादा, चल.”