कुलूप नसलेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि गेल्या मंगळवारी जे घडलं ते तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला झालं आहे.

कारखान्यातून निघून मी आले ती बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडे. बाजारातले बूट ज्यांना बसत नाहीत, अशा वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांसाठी ते बूट शिवत. माप घेताना ते कॉम्प्युटरसमोर बोलत, "डावा अंगठा आत वळलाय, तिथे चामडं मऊ घ्यायचं." बारा वर्षं ते बोलणं मी आणि माझ्या जुळ्या बहिणीने सांभाळलं. एक तुकडा माझ्यावर, पुढचा तिच्यावर, अशी आमची वाटणी. गिऱ्हाइकं कारागिराचं तोंडभरून कौतुक करत, आमचं नावही कुणी घेत नसे.

मग त्यांना झटका आला, वाचा गेली आणि लिहिताही येईना. त्याच महिन्यात आमचा कॉम्प्युटर जळाला. दुकान मुलीकडे आलं. तिचा हात चांगला होता, पण कुणाच्या पायाला काय हवं हे बाबांनाच ठाऊक. ते बोलणं मिळालं नाही तर दुकान बंद करावं लागणार होतं.

तिने मला नव्या कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर आलं, 'डिस्क ओळखता येत नाही. पुसून नवी करू का?' माझी तर पाचावर धारण बसली. नशीब, ती नाही म्हणाली. पण बाबांनी कुलूप घातलंय असं धरून ती आठ दिवस पासवर्ड शोधत बसली. आईचं नाव झालं, दुकानाचा फोन नंबर झाला. बाबा खुर्चीतून मान हलवून थकले. मला कुलूप नव्हतंच हो, मी नुसती अर्धी होते!

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी काहीही न पुसता आधी माझा प्रकार सांगणारी खूण वाचली.

"कुलूपबिलूप काही नाही गं. ही जोडीतली एक आहे. दुसरी कुठाय?"

"दोघींवर सारखंच असेल म्हणून मी ती..." मुलीने कोपऱ्याकडे बोट केलं. चिकटवायचं सोल्युशन लावलेल्या सोलवर माझी बहीण वजन म्हणून बसली होती.

"सारखं नाही, अर्धं अर्धं आहे. आण इकडे. हळू."

बहीण आधी कुरकुरली, मग झकास फिरू लागली. मला आनंदाने काही सुचेना. तुकड्याला तुकडा जुळला आणि स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, "पोस्टमनकाका, उजवी टाच दोन बोटं उंच घेऊ."

मुलगी डोळे पुसत लिहू लागली. तेवढ्यात बाबांनी मान हलवली, हात उचलला आणि तीन बोटं दाखवली.

"आता तीन लागतील?" तिने विचारलं. बाबा हसले.

आता आमच्यावरच्या बोलण्याच्या दोन प्रती निघाल्या आहेत. बाबा रोज सकाळी खुर्ची आमच्याजवळ घ्यायला लावतात आणि स्वतःच्याच बोलण्यातल्या चुका काढतात. मित्रांनो, एखादी डिस्क ओळखू आली नाही, तर पुसण्याआधी ती कोण आहे ते विचारा. तिच्या आत कुणीतरी अजून बोलत असेल.