गुटगुटीत चिमणी

जुना म्हणा, गंजका म्हणा, मला आता राग येत नाही, मित्रांनो. राग यायलाही अंगात जोर लागतो. मी पाखरांना दाणे घालायचा पत्र्याचा डबा आहे आणि परवापर्यंत परसातल्या तारेला लटकून लटकून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं संपल्यावर शेजारच्या वेल्डरदादाने माझ्या पोटाला खिडक्या पाडल्या, पाखरांना बसायला कड जोडली आणि मला दोघी बहिणींच्या हवाली केलं. थोरली पूर्वी शिवणकाम करायची. जिन्यावरून पडून तिचं कंबरडं मोडलं, तेव्हापासून ती खिडकीपाशी पलंगावर पडून असते. धाकटी लाँड्रीत इस्त्री करते. तिनेच मला खिडकीसमोर टांगलं आणि म्हणाली, "ताई, हा घे तुझा टीव्ही!"

काय दिवस होते ते! चिमण्या यायच्या, बुलबुल यायचे, साळुंक्या तर बापाचं घर असल्यासारख्या भांडायच्या. ताई सगळ्यांना नावं ठेवायची, दोन्ही अर्थांनी. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे.

पण धाकटी कामावरून यायची ती पायांचे तुकडे पडलेली. उरलेल्या दाण्यांवरच नवे ओतायची आणि आत पळायची. तळाचे दाणे भिजून कुबट झाले, त्यांत पाखरांची घाण मिसळली, बुरशी धरली. मला सगळं कळत होतं. पण डब्याला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

एके सकाळी एक चिमणी पिसं फुलवून माझ्या कडेवर बसली, अगदी चेंडूसारखी गोल.

"बघ ताई, आपले दाणे खाऊन कशी गुटगुटीत झालीय!" धाकटी हरखून म्हणाली. ताईही हसली. दोघींनी तिचं नाव 'शेठाणी' ठेवलं. संध्याकाळी शेठाणी माझ्याखाली मरून पडली होती. धाकटीने मांजराला चार शिव्या हासडल्या. मांजर बिचारं तिकडे फिरकलंही नव्हतं.

मग दुसरी चिमणी तशीच येऊन बसली. या वेळी ताई हसली नाही. धाकटी घरात येताच ती म्हणाली, "अगं, ही गुटगुटीत नाही, आजारी आहे. बाकीच्या उडाल्या तरी ही हलत नाही, डोळे मिटून घेते. पडून राहणाऱ्याचं दुखणं मला नको का कळायला? तो डबा उघड बरं."

धाकटीने झाकण काढलं आणि नाक दाबलं. मग मटकन पायरीवर बसली. "माझ्याच हाताने घातलं गं हे त्यांना!" म्हणत रडू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज ऐकून वेल्डरदादा आला. "डबा काही दिवस काढूनच ठेवा," तो म्हणाला. "इथे पाखरं गोळा झाली की एकाचं दुखणं दुसऱ्याला लागणार."

"आणि ताई दिवसभर बघणार काय?"

"काढ तो," ताई आतून म्हणाली. "लवकर काढ."

मला कढत पाण्याने खरवडून धुतलं. आता मी पायरीवर पालथा पडून आहे. मित्रांनो, पाखरांना दाणे जरूर घाला. पण आधी जुने काढा, भांडं धुवा, वाळवा. नुसतं भरत राहणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

चिमण्या सवयीने अजून तारेवर येतात. ताई काचेवर टकटक करून त्यांना हाकलते, "जा गं बायांनो, दुसरीकडे जा." आणि त्या उडून गेल्या, की भिंतीकडे तोंड फिरवते.