खालून टाकलेले दोन चेंडू

मित्रांनो, मी बास्केटबॉलची एक जुनी रिंग आहे. कोपरगावच्या एका कॉलेजच्या मैदानात खांबावर टांगलेली, डाव्या अंगाला जराशी झुकलेली. जन्माने मात्र मी सरळ होते. उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या पुंजाराम मिस्त्रींनी उरलेल्या सळईतून मला घडवले. बास्केटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. "याला बूड नको म्हणतेत," ते शेजारच्याला म्हणाले, "पैसे देणाराच म्हणतोय तर आपलं काय जातंय." माझी जाळी गोदावरीत मासे धरणाऱ्यांकडून आणली होती. पावसाळ्यात तिला अजून वास येतो.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मग दिवस फिरले. गॅदरिंगच्या मांडवाचे दोर मला बांधले गेले, कबड्डीवाल्यांच्या ओल्या बनियनी माझ्यावर वाळल्या, आणि उंच पोरे मला लोंबकळून फोटो काढू लागली. माझी मान वाकडी झाली ती तेव्हाच. पण मी तुम्हाला माझे रडगाणे सांगायला बसलेली नाही. मला ज्ञानेश्वरीची गोष्ट सांगायची आहे.

ज्ञानेश्वरी ही आमच्या मुलींच्या संघातली सर्वांत उंच खेळाडू. गोदाकाठच्या शेतकऱ्याची लेक. तिच्या हातात चेंडू आला की तिला अडवणे अवघड. म्हणून समोरच्या संघांनी अडवणे सोडून दिले आणि ते तिला सरळ धरू लागले. धरले की फाउल होतो, आणि बदल्यात दोन फ्री थ्रो मिळतात. फ्री थ्रो म्हणजे रेघेवर उभे राहून निवांत चेंडू टाकायचा. घड्याळ थांबलेले असते, कोणी आडवे येत नाही. प्रत्येक चेंडूला एक गुण. एवढी सोपी गोष्ट, पण ज्ञानेश्वरीला ती जमत नव्हती. तिचे चेंडू माझ्या कडेवर असे आदळत की माझे दात हलत. "हिला धरा, हिचे जात न्हाईत," हे सगळ्या जिल्ह्याला पाठ झाले होते.

मागच्या वर्षी आमच्या मुली नगरला, तिथल्याच संघाशी, अंतिम सामना तीन गुणांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी सुनील सर, म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक, माझ्या खाली मुलींसमोर गुणपत्रक घेऊन बसले.

"आपले फ्री थ्रो चुकले किती? चौदा," ते म्हणाले. "तीन गुणांनी हरलो आणि चौदा फुकटचे सोडले. चूक माझीच. तुम्ही दमल्यावर, बसची वेळ झाल्यावर मी पाच-पाच टाकायला लावायचो."

त्या दिवसापासून सराव फ्री थ्रोनेच सुरू होऊ लागला. त्याच आठवड्यात प्राचार्य मैदानात आले, दोन्ही हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "सर, पोरांच्या गाड्यांना जागा पुरत नाही. यंदा जिंकलात तर कोर्ट राहील. नाहीतर पार्किंग." माझ्या जाळीतून वारा गेला, तोही गार वाटला.

एका सकाळी ज्ञानेश्वरी एकटीच चेंडू टाकत होती. एक चेंडू माझ्यावरून उडाला आणि लंकाबाईंच्या बादलीत पडला. लंकाबाई आमच्याकडे झाडलोट करतात. त्यांनी चेंडू पदराने पुसला आणि परत दिला.

"तू चेंडू टाकत न्हाईस पोरी, दगुड मारतीस."

"मग कसं टाकू, मावशी?"

"आमी गवंड्याच्या हाताखाली हुतो तवा वरच्या मजल्याला विटा फेकायचो. दोन्ही हातांनी, खालून, गुडघ्यात वाकून. वीट वर जाऊन अलगद हातात बसली पाहिजे. जोरात गेली तर गवंड्याचं बोट जायचं आन आमची हजेरी."

ज्ञानेश्वरीने दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांपर्यंत खाली नेला आणि वर सोडला. तो माझ्या कडेला न शिवता जाळीतून गेला. दहातले आठ गेले. मला गुदगुल्या झाल्या.

पण संघासमोर तिने तसे टाकले तेव्हा कप्तान निकिता म्हणाली, "ज्ञाने, चूल विझवायला पाणी टाकल्यावानी दिसतंय गं." सगळ्या हसल्या. सुनील सरांनी नियमांचे पुस्तक चाळून सांगितले की असे टाकण्यात काही गैर नाही. पण पुस्तकाने हसू थांबत नाही. ज्ञानेश्वरी पुन्हा वरून टाकू लागली आणि पुन्हा चुकू लागली.

यंदा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता, त्याच नगरच्या संघाशी. त्यांची दिपाली फार देखणे चेंडू टाकायची. त्यांनी ज्ञानेश्वरीला सामनाभर धरले. सहा फ्री थ्रो मिळाले, त्यातला एक गेला. शेवटी आठ सेकंद उरले, आम्ही एक्केचाळीस, ते बेचाळीस. ज्ञानेश्वरी माझ्याकडे झेपावली आणि त्यांनी तिला पुन्हा धरले.

ती रेघेवर आली. सुनील सरांनी डोळे मिटले होते. तिने चेंडू दोनदा आपटला, एक श्वास सोडला आणि गुडघ्यात वाकली. मैदान हसायला लागले. दिपाली तर तोंडावर हात धरून हसत होती. चेंडू वर गेला आणि जाळीतून खाली आला. हसू अर्ध्यावर थांबले. दुसरा माझ्या कडेवर पडला, दोन फेरे फिरला, आणि झुकलेल्या बाजूने आत उतरला. वाकड्या मानेचा मला आयुष्यात तेवढाच उपयोग झाला.

आनंदात आमचे भान सुटले. दिपाली चेंडू घेऊन पलीकडच्या रिंगकडे धावली. ती रिंग म्हणजे माझी थोरली जाऊ. तिथे ज्ञानेश्वरीनेच दिपालीला धक्का दिला. एक सेकंद बाकी, आता दोन फ्री थ्रो दिपालीला. एक गेला तरी बरोबरी. दिपालीने देखणा चेंडू टाकला, तो चुकला. दुसरा त्याहून देखणा होता. तोही चुकला.

प्राचार्यांनी बक्षीस देताना सांगितले, पार्किंग कॅन्टीनमागे होईल.

पाहुण्यांची बस निघायची वेळ झाली तेव्हा दिपाली लाल डोळ्यांनी माझ्या खाली आली. ज्ञानेश्वरी तिथेच चेंडू गोळा करत होती.

"मी हसले होते," दिपाली म्हणाली.

"दिसलं मला. लाज मलाबी लई वाटत हुती."

"दाखव ना कसं टाकतेस ते."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हा रिंगांना लोंबकळू नका. आणि जे कोणी अडवत नाही, ते सोपे म्हणून शेवटी, दमल्यावर करायला ठेवू नका. त्या संध्याकाळी ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. ज्ञानेश्वरी दिपालीचे कोपर धरून सांगत होती, "घाई करू नको. बस थांबती."