एफी पेटीवरून उठली नाही

यावर तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बसू नये अशीच गोष्ट आहे. माझाच अजून बसलेला नाही, आणि मी तर तिथं हजर होतो.

"तू आधी स्वतः बस," टॉर्किल म्हणाला. हा आमचा टपालवाला. टपाल उशिरा आणतो, पण टोमणा वेळेवर. "मैदानातून आल्यापासून उभा आहेस. ढुंगणाखाली मुंग्या आहेत का रे?"

"ज्यानं आज ओंडका फेकला, तो बसत नसतो," मी म्हटलं, आणि पबच्या भिंतीला डावी कूस टेकून उभा राहिलो. मधूनमधून दाराकडे बघत होतो. बाहेर वारा होता, आणि वारा असला की मला दारं आवडत नाहीत.

त्यात ती शीना. सगळ्या खोऱ्याचे किल्ट, म्हणजे कमरेचे ते निऱ्यांचे घोळ, शिवणारी बाई, डोळे सुईसारखे. तिनं नुकताच एक ग्लासगोचा पाहुणा पकडला होता. "अरे लेकरा, पुरुषाच्या किल्टचा दशांचा काठ उजवीकडे येतो. डावीकडे आला की तो बाईचा. तुला दुकानदारानं बायकांचा गळ्यात मारलाय!" सगळा पब हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, आणि भिंतीला आणखी थोडा चिकटलो.

तर ऐका. आमच्या खेळांच्या दिवशी पहिला ओंडका फेकायचा मान माझ्या घराचा. पणजोबांनी फेकला, आजोबांनी, बापानं. पोरगा कॅनडात, म्हणून अजून मीच. घरातलं कुणी उभं राहिलं नाही, तर तो मान टेकडीपलीकडच्या खोऱ्याकडे जातो, आणि एकदा गेला की ती माणसं काही परत देत नाहीत. मेंढीसुद्धा देत नाहीत. आणि नियम तुम्हाला ठाऊकच आहे: कमरेला किल्ट नसेल तर मैदानात पाऊल नाही.

अडचण एकच. एफी. माझी बायको.

"विजार घातलीस की तू मेंढपाळ असतोस, मर्डो," ती म्हणते. "किल्ट नेसलास की तू सरदार होतोस. आणि सरदाराच्या मेंढ्या मला राखाव्या लागतात."

तिचं अगदीच चूक आहे असं नाही. मागच्या खेपेला फेकताना माझी पाठ जी धरली ती वसंतापर्यंत सुटली नाही. मी पलंगावर लाकूड होऊन पडलेला, आणि ही बर्फात एकटी कोकरं ओढून काढतेय. त्याच दिवसांत तिनं शपथ घेतली: "आजोबांचा तो किल्ट पुन्हा तुझ्या कमरेला दिसला, तर मी पोराकडे कॅनडाला निघाले." एफी शपथ फार घेत नाही. घेतली की मोडत नाही.

म्हणजे ओंडका ठेवावा तर बायको जाते, आणि बायको ठेवावी तर ओंडका. आठवडाभर मला चैन नव्हतं. मेंढ्या मोजायला गेलो की कुंपण मोजून परत यायचो. चहात मीठ घातलं आणि प्यायलोही.

आज सकाळी उठून बघतो, तर आजोबांच्या पेटीवर एफी बसलेली. मोजा विणतेय.

"उठ," मी म्हटलं.

"टाच संपू दे."

"टाच संपली की उठशील?"

"मग दुसरा मोजा आहे. तुला पाय दोन आहेत, मर्डो."

मी चुलीपाशी गेलो, परत आलो. अंगणात गेलो, परत आलो. तिकडे मैदानावर लोक जमायला लागलेले, आणि इथं सुयांची टकटक.

"आणि मग?" टॉर्किल म्हणाला. "तिला उचलून बाजूला ठेवलीस?"

"एफीला? ओंडका परवडला."

मग जे झालं ते हे. मैदानावर बॅगपाइपवाल्यानं पिशवीत पहिला श्वास भरला, आणि पेटीच्या आत काहीतरी हललं. आजोबांचा किल्ट होता तो. चार युद्धांतला पाइप ऐकलेला. पेटीचं झाकण असं धाडकन उघडलं की एफी मोज्यासकट कपाटावर जाऊन बसली. किल्ट बाहेर आला, निऱ्या झटकल्या, आणि खिडकीतून निघून गेला!

"एकटाच?"

"एकटाच. मी मागे, विजारीत. वाऱ्यानं निऱ्यांत हवा भरली, आणि तो सरोवरावरून गलबतासारखा चालला. पलीकडे एक सांबर पाणी पीत होतं, त्याच्या शिंगांवर जाऊन अडकला. सांबराला वाटलं, आपण आता खोऱ्याचे मालक! जे उधळलं ते थेट बोटीच्या धक्क्यावर, रांगेत उभं राहिलं. मी शिंगं धरली. ते मला ओढतंय, मी किल्ट ओढतोय. शेवटी मी त्याच्या कानात म्हटलं, बाबा रे, तुझी बायको तुला असं बघेल तर काय म्हणेल? तसं त्यानं मान खाली घातली आणि किल्ट सोडला."

ग्लासगोचा पाहुणा तोंड उघडं टाकून ऐकत होता. भला पोरगा. त्यानं माझ्यासाठी पेला मागवला. मी तो उजव्या हातानंच घेतला.

"धावता धावता नेसलो, विजार धक्क्यावरच्या खांबाला टांगली, आणि मैदानात शिरलो. पुढचं तुम्ही बघितलंच. ओंडका उचलला, चार पावलं धावलो, आणि असा उलटला की शेंडा जमिनीत, बूड आभाळात, आणि पडला तो नाकासमोर सरळ. पलीकडच्या खोऱ्यातल्यांचे चेहरे बघितलेत? आंबट ताक प्यायल्यासारखे!"

"आणि एफी?" शीनानं विचारलं.

"एफी काय. घरी असेल. बॅग भरत असेल." मी दाराकडे बघितलं. "शपथ आहे बाईची. आजोबांचा किल्ट माझ्या कमरेला सगळ्या गावानं बघितला."

शीनानं चहाचा कप खाली ठेवला.

"मर्डो, जरा भिंतीपासून पुढे ये."

"बरा आहे मी इथं. पाठीला आधार लागतो."

"टॉर्किल, ओढ रे त्याला."

टपालवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ताबडतोब केलं. मी उजेडात आलो. शीना डाव्या बाजूनं वाकली, आणि तिनं काठ चिमटीत धरला.

"दशा डावीकडे! धादांत खोटं बोलतोस, मर्डो! आजोबांच्या किल्टला कसर लागून त्याची चाळण झाली. हिवाळ्यात एफीच तो पोत्यात घालून माझ्याकडे घेऊन आली होती, काही वाचतंय का बघायला. एक निरी धड नव्हती. आज ती बसली होती ती रिकाम्या पेटीवर! आणि हा तुझ्या कमरेला आहे तो एफीचा आहे, माझ्या हातचा शिवलेला. याचं बक्कल डाव्या कुशीला, पार मागे. तुझ्या त्या पाठीनं तुझा हात तिथवर जन्मात पोचायचा नाही. तिनंच नेसवलाय तुला, म्हणजे तिची शपथही शाबूत आणि तुझा ओंडकाही!"